मातीखालची पाटी

रविवारी सकाळी सहाला अर्जा बेत्तारिनी कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या दारी गेली आणि भिंतीपाशी तिला खड्डा दिसला. चांगली हातभर रुंद, वीतभर खोल जागा कुणीतरी सफाईनं कापून उचलून नेली होती. काल संध्याकाळपर्यंत तिथं तिच्या आईचं आयरिस उभं होतं. सात दांडे, सातही फुललेले. अर्जानं दाण्याचं भांडं तिथंच आपटलं. कोंबड्यांची चंगळ झाली.

अडुसष्ट वर्षांची बाई, पण गुडघे टेकून खाली बसली आणि खड्ड्यात हात घालून माती चाचपायला लागली. मधोमध, कडेकडेनं, परत मधोमध. जस्ताची पट्टी काही हाताला लागेना.

"म्हणजे तीही नेली मेल्यानं," ती म्हणाली, आणि पाठोपाठ एक अशी शिवी हासडली, जी पोस्टाच्या खिडकीत छत्तीस वर्षं बसल्याशिवाय माणसाला येत नाही.

चोर शोधायला पोलीस कशाला हवेत! खड्ड्याच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ होत्या, बाहेर मातीचं ढेकूळ सांडलेलं नव्हतं. भर फुलावर आलेलं आयरिस मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, एकही कळी न दुखवता उचलणारा हात अख्ख्या वाल्दिबोना गावात एकच होता. तो हात तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता.

सावरो समोरच राहायचा. तिनं रस्त्यातूनच हाक मारली. "सावरो! खिडकीत ये!"

खिडकी किलकिली झाली. "ताई, रविवार आहे गं आज."

"रविवार मलाही कळतो. आई कुठाय?"

"आई? आईला जाऊन अकरा वर्षं..."

"भिंतीजवळची आई रे, गाढवा!"

सावरो खाली आला. चौसष्ट वर्षांचा धिप्पाड गडी, पण बहिणीसमोर उभा राहिला की हाताचं काय करायचं ते त्याला समजत नसे. पायातल्या सपाता बघत त्यानं सगळं ओकून टाकलं. रिनाल्देस्कींच्या बागेला आज नव्वद वर्षं पूर्ण होत होती. बागवाल्यांच्या मंडळाचे तीन परीक्षक अकरा वाजता येणार होते. बागेचं नाव ज्या आयरिसनं झालं त्या 'क्लेमेंतीना'पुढं पाटी बसवायची होती, चांगली चिनी मातीची, सोनेरी अक्षरांची. पण क्लेमेंतीना होतीच कुठं? तीन वर्षांमागच्या ओल्या हिवाळ्यात तिचे गड्डे कुजून गेले होते, आणि तेव्हापासून तिच्या जागी दुसरंच कुठलंतरी तपकिरी आयरिस उभं करून वेळ मारून नेली जात होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते खपलं. परीक्षकांना कसं खपणार?

"मालकीणबाईंनी, ओत्ताविया बाईंनी हळूच विचारलं," सावरो म्हणाला. "नुसतं आजच्या दिवसापुरतं, म्हणाल्या."

"आजच्या दिवसापुरतं! लग्नाला घालायला कोट उसना नेलास काय?"

"त्यांची एकशे चाळीस ऑलिव्हची झाडं छाटतो मी, ताई. नाही कसं म्हणू? भीड पडते."

"भीड भिकेची बहीण. तोंड उघडायचं आणि नाही म्हणायचं. मी पोस्टात रोज म्हणत होते, मेले का त्यानं?" मग तिनं आवाज खाली आणला. "पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी? मी तर अख्खा गोळा उचलला. काही दिसलं नाही बुवा. तीनचाकीतही काही पडलं नाही."

"अख्खा गोळा?"

"मग! अर्धा उचलला असता तर दुपारपर्यंत माना टाकल्या असत्या फुलांनी."

म्हणजे पट्टी त्या गोळ्यातच असणार, हे अर्जाच्या लक्षात आलं. एवढी वर्षं या भावाच्या कामसूपणाचा तिला उपयोग असा कधी झाला नव्हता. "बूट घाल," ती म्हणाली. "बाग बघायला जायचंय."

आता ही पट्टी म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. त्यांची आई नील्दे वानुक्की एकतीस वर्षं रिनाल्देस्कींच्या बागेत राबली. तिचं एक ठरलेलं होतं: वरची पाटी मालकाची, खालची रोपाची. वरच्या पाट्या थंडीनं तडकतात, पोरं उपटून नेतात, नवा माळी आला की इकडच्या तिकडं होतात. म्हणून ती प्रत्येक रोपाच्या गड्ड्याखाली जस्ताची बोटभर पट्टी पुरून ठेवायची, खिळ्यानं नाव कोरून. लोक हसायचे. मालकही हसायचे, आणि दर चार वर्षांनी गड्डे उकरून वेगळे करायची वेळ आली, की कोण कुठलं हे विचारायला तिच्याकडंच यायचे.

बागेतलं नाजूक काम म्हणजे फुलांची लग्नं लावणं. मे महिन्यात, मधमाशा उठायच्या आत, चिमट्यानं एका फुलातली पिवळी पूड घ्यायची, दुसऱ्या फुलाच्या जिभेवर लावायची, त्याच्या पाकळ्या खुडून टाकायच्या आणि दांड्याला चिठ्ठी बांधायची. कुणाचं कुणाशी लावायचं हे मालक ठरवत. पण अठ्ठावन्न सालच्या मेमध्ये तेव्हाचे तरुण मालक ओत्तोने स्कूटरवरून पडले आणि महिनाभर पाय टांगून बिछान्यात राहिले. त्या मोसमातली सगळी लग्नं नील्देनं स्वतःच्या डोक्यानं लावली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, आणि अर्जा तीन वर्षांची, बागेच्या पायरीवर बसून पाव चघळणारी.

तीन वर्षांनी त्या बियांची रोपं फुलली. ओत्तोने साहेब वाफ्यातून काठी टेकत फिरले. पसंत पडेल त्याला लाल लोकर बांधली, बाकीची उपटून ढिगावर. एक तपकिरी होतं, चेस्टनटच्या पिठाच्या रंगाचं, आतून केशरी मिशा फुटलेलं, जळक्या साखरेच्या वासाचं. साहेबांनी नाक मुरडलं. "चिखल आहे नुसता," म्हणाले. नील्देनं संध्याकाळी ते ढिगावरून उचललं आणि घरामागच्या भिंतीपाशी लावलं. पुढं दोन वर्षांनी मिलानचा एक फुलांचा व्यापारी पाणी प्यायला तिच्या दारात थांबला आणि ते फूल बघून वेडा व्हायचा बाकी राहिला. दुसऱ्याच दिवशी ओत्तोने साहेब फावडं घेऊन हजर. माझ्या बागेतलं रोप आहे, म्हणाले, आणि अर्धं कापून नेलं. आयत्या बिळावर नागोबा! त्याला आपल्या आईचं नाव दिलं, क्लेमेंतीना. बक्षिसं घेतली.

नील्देनं त्यांना जन्मात एकदाच विचारलं होतं, "मालक, पाटीच्या खालच्या कोपऱ्यात माझं नाव घालाल का?" साहेब हसले. "नील्दे, फुलाला सुंदर बाईचं नाव देतात गं."

ती तिथं काम करत राहिली, कारण घरात दोन तोंडं होती. पण मेमध्ये सगळं गाव नटूनथटून बाग बघायला जायचं, तेव्हा ती घरी बसायची. निवृत्त झाल्यावरही कधी गेली नाही. "माझं नाव लागेल तेव्हा येईन," म्हणायची. "तिकीट काढून येईन." हे ऐकत अर्जा लहानाची मोठी झाली, आणि हे ऐकतच तिनं आईचे डोळे मिटले.

बागेच्या फाटकाशी टेबल टाकून इनेस बसली होती. गावातलीच, अर्जाच्या वर्गातली. दोघा भावंडांना बघून ती चाट पडली.

"अगं बाई, अर्जा! तू? जा, जा आत, तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे!"

"नील्देची पोरगी फुकट जाणार नाही. तीन तिकिटं फाड."

"तीन? दोघं तर आहात."

"एक माझं, एक ह्या दिवट्याचं, एक आईचं."

इनेसनं सावरोकडं पाहिलं. सावरोनं आभाळाकडं पाहिलं. इनेसनं निमूट तीन तिकिटं काढली आणि त्यांचे कोपरे फाडायला लागली. दोन फाडून झाली तसा अर्जानं तिसऱ्यावर हात ठेवला. "हे नको फाडू अजून." आणि ते घडी घालून झग्याच्या खिशात टाकलं.

बाग मात्र नजर ठरत नाही अशी फुलली होती. खोटं कशाला बोला? उतरणीवर वाफ्यामागून वाफे, जांभळे, पिवळे, जवळजवळ काळे, आणि मधून फरसबंद वाट. लोक वह्या घेऊन ओणवे होत होते, नावं टिपत होते. प्रत्येक रोपापुढं लोखंडी दांडीवर पाटी, आणि दर वीस पावलांवर आणखी एक: फुलांना हात लावू नये. अर्जा एकेका वाफ्यापाशी थांबत चालली होती. हा दगडी काठ आईनं रचलेला. या नळावर आई हात धुवायची. साठ वर्षांपूर्वीची ती पायरीसुद्धा जागच्या जागी होती, फक्त आता तिच्यावर कुंडी ठेवली होती.

"ताई," सावरो मागून कुजबुजला, "अजून वेळ गेली नाही. चल घरी. फुलं ओसरली की मी परत आणून लावतो, शप्पथ."

"तुला जायचं तर जा. तिकीट वाया जाईल, एवढंच."

तो गेला नाही. पण वाफ्याच्या कडेच्या हिरव्या कुंपणापाशी जो थांबला, तो पुढंही आला नाही.

मधल्या गोल वाफ्याभोवती पन्नासेक माणसं जमली होती. मधोमध आईचं आयरिस, सात दांडे, ताजं पाणी दिलेलं. त्याच्यापुढं नवी पाटी, कापडानं झाकलेली, आणि शेजारी क्लेमेंतीनाची जुनी लोखंडी पाटी अजून तशीच. ओत्ताविया रिनाल्देस्की बोलत होत्या. पन्नाशी उलटलेली, ताठ, रेशमी रुमाल बांधलेली बाई. त्यांच्या वडिलांची, म्हणजे ओत्तोने साहेबांची दूरदृष्टी, रंगांची जाण, मे अठ्ठावन्नमधली ती प्रतिभेची सकाळ. अर्जाला वाटलं, बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, वाढा अजून.

परीक्षकांच्या प्रमुख तुल्लिया फोस्काती ऐंशीच्या पुढच्या होत्या, उन्हाची टोपी, गळ्यात भिंग. भाषण संपायच्या आतच त्या वाफ्यात वाकल्या, पानांचा पंखा दोन बोटांनी बाजूला केला आणि मुळाशी बघितलं. "बुंधा जांभळा आहे," त्या म्हणाल्या. मग फूल हुंगलं. "जळकी साखर. हेच ते. मला खरं सांगायचं तर शंका होती. पण हेच आहे, अस्सल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओत्ताविया बाईंनी कापडाला हात घातला.

"अस्सल आहेच," अर्जा म्हणाली. पोस्टात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा तो आवाज. "आता ते आलं कुठून, तेही विचारा की, बाई."

टाळ्या थांबल्या. ओत्ताविया बाईंनी तिला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अर्जा, आज कार्यक्रम आहे. आपण नंतर ऑफिसात बसून बोलू."

"साठ वर्षं तुमच्या ऑफिसातच तर अडकलंय ते. हे फूल माझ्या आईनं केलं. नील्दे वानुक्कीनं."

"तुझी आई आमच्याकडे कामाला होती," ओत्ताविया बाई लोकांकडं बघून हसल्या. "चिमट्यानं पूड लावायचं काम करायची, आणि चांगलं करायची. पण घर गवंड्यानं बांधलं म्हणून घर गवंड्याचं होत नाही."

"गवंड्याला नकाशा मालक देतो ना? त्या महिन्यात नकाशा कुणी दिला? तुमचे वडील पाय टांगून बिछान्यात होते. आणि फूल उमललं तेव्हा चिखल म्हणून ढिगावर फेकलं त्यांनी!"

"याला पुरावा?"

"आहे. तुमच्याच मातीत आहे." आणि अर्जा वाफ्यात गुडघ्यांवर बसली.

"हात लावू नकोस! पाटी वाचता येत नाही का?"

"पाट्या वाचायलाच आलेय मी," अर्जा म्हणाली आणि मनगटापर्यंत हात मातीत खुपसला.

ओली माती, मुळं, एक खडा. आणखी आत. गड्ड्याखाली बोटं वाकवली, काहीच नाही. कुणीतरी मागं हसलं. रस्त्यात पडली असेल तर? त्या खटाऱ्याच्या तीनचाकीत फटी काय कमी होत्या? मग संपलंच, मग ती एक खुळी म्हातारी आणि आई एक पूड लावणारी बाई, कायमची. तिनं खांदा टेकवून हात आणखी खाली नेला. बोटाला काहीतरी चरचरीत लागलं. रक्त आलं, पण तिनं ते सोडलं नाही.

पट्टी बाहेर निघाली. अर्जानं ती थुंकीनं आणि झग्याच्या टोकानं पुसली आणि तुल्लिया बाईंच्या हातात दिली. त्यांनी भिंग लावलं आणि मोठ्यानं वाचलं. "वेस्पेरा, तिला फुल्वाची पूड. सतरा मे एकोणीसशे अठ्ठावन्न. लग्न लावलं नील्दे वानुक्कीनं."

"मागची बाजूही वाचा," अर्जा म्हणाली.

तुल्लिया बाईंनी पट्टी उलटली. "एकसष्ट. मालकांनी फेकलं. मी उचललं."

कुणी हसलं नाही.

ओत्ताविया बाईंनी मात्र हार मानली नाही. "पट्टी काय, कुणीही पुरू शकतं. ती या वाफ्यात काम करत होती, तिनंच पुरली असेल. हे रोप साठ वर्षं इथून हललेलं नाही. सगळ्या गावानं पाहिलंय."

"तसं असेल तर हे प्रकरण कठीण आहे," तुल्लिया बाई म्हणाल्या. "हे रोप बाहेरून आलं असं सांगणारं कुणी आहे का इथं?"

अर्जा मातीत बसून राहिली. भाऊ कुठं उभा आहे हे तिला नेमकं माहीत होतं, पण तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर ते मागणं झालं असतं, आणि या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी नुसतं मागितलंच होतं.

कुंपणापाशी कुणीतरी खाकरलं.

"मी आणलं," सावरो म्हणाला. टोपी त्याच्या दोन्ही हातांत चुरगळली होती. "आज पहाटे साडेचारला. ताईच्या भिंतीजवळून उचललं आणि माझ्या तीनचाकीतून आणलं. इथं होतं ते दुसरंच होतं. ते मी उपटून गोठ्यामागं टाकलंय, बघायचं तर बघा. त्याचा बुंधा हिरवा आहे."

"सावरो," ओत्ताविया बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ऑलिव्हचा विचार कर."

"तोच करून तर आणलं होतं, बाई. आता जरा आईचा करतो."

एवढं बोलून तो वाफ्यात उतरला. त्यानं क्लेमेंतीनाची जुनी लोखंडी पाटी दोन्ही हातांनी धरली, एक हिसडा दिला आणि उपटून वाटेवर ठेवली. फेकली नाही. हत्यारं ठेवतो तशी नीट आडवी ठेवली.

"तर मग न्या तुमचं रोप!" ओत्ताविया बाई ओरडल्या. रुमाल मानेवरून घसरला होता. "उचला आणि चालते व्हा!"

"मुळीच नाही," अर्जा म्हणाली आणि सावरोच्या हाताला धरून उठली. "फुलावरचं झाड एका दिवसात दोनदा हलवलं तर मरतं, एवढं तरी तुम्हाला माहीत असायला हवं. ते इथंच राहील. गड्डे वेगळे करायच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, मी फावडं घेऊन येईन आणि अर्धं नेईन. तुमच्या वडिलांनी नेलं होतं तेवढंच. उरलेलं अर्धं तुमच्या बागेला. पण नावासकट."

तुल्लिया बाईंनी पट्टी तिला परत केली. मग गळ्यातल्या पिशवीतून मंडळाचा कागद काढला, गुडघ्यावर टेकवला आणि लिहायला लागल्या. "वानुक्कीमध्ये 'क' किती?" त्यांनी विचारलं. अर्जानं सांगितलं. झाकलेली पाटी झाकलेलीच राहिली, आणि आपलं कापड सरळ करत ओत्ताविया बाई घराकडं चालू लागल्या.

अर्जानं जस्ताची पट्टी आयरिसपुढं मातीत उभी रोवली. बोटभरच ती, पण माणसं एकेक करून वाकायला लागली, वाचायला लागली. मागून एका बाईनं नवऱ्याला विचारलं, "कोण नील्दे?" आणि तिसऱ्याच कुणीतरी तिला सांगायला सुरुवात केली.

फाटकाकडं येताना सावरो म्हणाला, "एकशे चाळीस झाडं गेली, ताई."

"गेली. माझी तीन आहेत, ती छाट. पैसे मिळणार नाहीत, जेवायला मिळेल."

"रात्रीचं?"

"दुपारचंही. चोर असलास तरी भाऊ आहेस."

टेबलापाशी इनेस उभीच होती. आतली बातमी तिच्यापर्यंत धावत पोचली होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. अर्जानं खिशातून तिसरं तिकीट काढलं, घडी उलगडून टेबलावर ठेवलं आणि त्यावरून तळहात फिरवला. हाताची माती तिकिटाला लागली.

"हे आता फाड," ती म्हणाली. "आई आत गेलीय."